अंबुजाबाईंचा अंदाज

अंबुजाबाईंना रस्त्यात कुणी विचारलं, "मॅडम, आज पाऊस येणार का?" तर त्या थांबत, पर्समधून चिठोरा काढून त्यावर आमच्या कचेरीचा फोन नंबर लिहून देत आणि चालू लागत. त्या माणसाने फोन केला तर तो बहुतेक वेळा अंबुजाबाईच उचलत. त्याचा प्रश्न शांतपणे ऐकून पूर्ण उत्तर देत. आपण सकाळी भेटलो होतो याचा उल्लेखसुद्धा करत नसत. चेन्नईत आमच्या हवामान कचेरीजवळ, नुंगंबाक्कममध्ये बसणाऱ्या भाजीवाल्याने एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं, "अम्मा, तुमच्या ऑफिसात फोनवर बोलणाऱ्या बाई या बाईंपेक्षा पुष्कळ चांगल्या आहेत. त्यांचं नाव काय?"

मी हे अंबुजाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "रस्त्यावर मजपाशीं चार्ट नसतो."

हे सगळं त्सुनामीच्या आधीच्या चार वर्षांतलं. माझ्या यजमानांची बँकेत चेन्नईला बदली झाली, म्हणून मीही पुण्याच्या हवामान कचेरीतून खटपट करून तिकडे बदली मागून घेतली. पहिल्या दिवशी मी अंदाज विभागात शिरले तेव्हा एका मोठ्या उतरत्या टेबलावर वाकून एक उंच, किडकिडीत बाई बंगालच्या उपसागरावर पेन्सिलीने रेघा काढत होत्या. अंबाड्यात मोगऱ्याचा गजरा आणि गजऱ्यात खोचलेली दुसरी पेन्सिल. वर न बघता त्या म्हणाल्या, "पुण्याच्या कीं तुम्ही? बसा. कॉफी घेतलांत?"

चेन्नईत पहिल्याच दिवशी मराठी कानावर पडेल अशी माझी अपेक्षा नव्हती. आणि हे मराठी तर मी तोवर फक्त जुन्या कागदपत्रांत वाचलेलं. त्यातून प्रत्येक वाक्य तमिळ सुरात चढायचं आणि उतरायचं. अंबुजाबाईंचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला गेले आणि तिथलेच झाले. वडिलांच्या वेळी कुटुंब मद्रासला आलं. मी विचारलं, "महाराष्ट्रात कधी गेला होता का?"

"जायचें राहिलें," त्या म्हणाल्या. बाजारात जाऊन कोथिंबीर विसरावी तशा सुरात.

त्यांच्याकडे दोन चष्मे होते, एक चार्टसाठी आणि एक माणसांसाठी. घाईत त्यांची अदलाबदल व्हायची. तेव्हा समोरच्या माणसाकडे त्या अशा बारकाईने बघत की त्याला आपल्या चेहऱ्यावर कमी दाबाचं क्षेत्र तयार होतंय की काय असं वाटावं. टेबलावर पेन्सिली चार आणि खोडरबर सहा. माझं काम जहाजांकडून आणि किनाऱ्यावरच्या केंद्रांकडून आलेल्या नोंदी चार्टवर त्या त्या जागी बारीक अक्षरात मांडायचं. मग अंबुजाबाई सारख्या दाबाच्या जागा जोडत रेघा काढत, पुसत, पुन्हा काढत. दर तीन तासांनी नवा चार्ट. त्यांच्या पुसलेल्या रेघांचा भुसा संध्याकाळी झाडणारी बाई सुपलीभर गोळा करायची.

पश्चिम मांबलममध्ये त्या आणि त्यांची आई अशा दोघीच राहत. आई पंच्याऐंशीच्या पुढच्या, कानाने अधू, पण आवाज खणखणीत. अंबुजाबाई कामावरून आल्या आणि पाय धुतले की आई विचारायच्या, "आज काय चुकलें?" बरोबर काय आलं ते कधीच नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते फार कठोर वाटलं. अंबुजाबाई मात्र कॉफी गाळता गाळता सांगत, "रामेश्वरास पाऊस सांगितला होता, पडला नाहीं." आई मान डोलवत. मग दोघी जेवायला बसत.

ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत आमच्या कचेरीत फोन थांबत नसत. सगळ्यात जास्त शाळकरी मुलांचे. आवाज जाड करून मुलं विचारत, "मी हेडमास्तर बोलतोय, उद्या सुट्टी द्यावी का?" अंबुजाबाई म्हणत, "सुट्टी कलेक्टर देतात, सर. तुमचा उद्या कोणता पेपर आहे?" पलीकडून एकदम बारीक आवाजात उत्तर येई, "गणित."

एकदा टीव्हीवाले आले. समुद्रात वादळ होतं आणि त्यांना ते कुठे जाणार हे एका वाक्यात हवं होतं. अंबुजाबाईंनी कँटीनमधून स्टीलचं ताट मागवलं आणि ड्रायव्हरच्या मुलाचा भोवरा. ताटात भोवरा फिरता सोडला आणि ताट हातात धरून खोलीत चालू लागल्या. "भोवरा स्वतःभोवती फिरतो. पण तो खिडकीकडे जाणार की दाराकडे हे मी ठरवते, भोवरा नाही. वादळाला वरचे वारे असेच घेऊन जातात. म्हणून आम्ही वादळाकडे कमी बघतो, ताट धरणाऱ्याकडे जास्त." बातमीदाराने विचारलं, "मग ताट कोण धरतं?" त्या म्हणाल्या, "दोघेतिघे मिळून धरतात आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. अडचण तिथे आहे." रात्रीच्या बातम्यांत फक्त ताट दाखवलं.

माझ्या दुसऱ्या वर्षी एक वादळ आलं. म्हणजे यायचं होतं. सगळ्या खुणा शहराच्या दक्षिणेला किनारा गाठण्याच्या होत्या आणि अंबुजाबाईंचाही अंदाज तोच होता. बंदरावर धोक्याचे बावटे चढले, शाळा बंद झाल्या, मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका म्हणून सांगितलं. वादळ किनाऱ्यापासून काही अंतरावर येऊन थांबलं. दोन दिवस जागच्या जागी घुटमळलं आणि विरून गेलं. तीन दिवस चेन्नईत लख्ख ऊन होतं. पेपरात व्यंगचित्र आलं. लोकांनी फोन करून आम्हाला सनस्क्रीन कुठलं लावायचं ते विचारलं.

चौथ्या दिवशी अंबुजाबाईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मला म्हणाल्या, "येतां कीं? एका ठिकाणीं सांगायला जायचें आहे."

आम्ही दोन बस बदलून शहराच्या उत्तरेला, एण्णोरच्याही पुढे गेलो. वाळूत वसलेली मच्छीमारांची छोटी वस्ती. अशा वस्तीला तिकडे कुप्पम म्हणतात. अंबुजाबाईंची इथे ओळख कुणाशीच नव्हती. का निवडलं म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, "बस इथपर्यंतच येते." वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्यांच्या सावलीत माणसं जाळी दुरुस्त करत बसली होती. त्यांचा पुढारी एळुमलै नावाचा साठीचा गृहस्थ होता. छातीवर पांढरे केस, दात पानाने लाल. अंबुजाबाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि तमिळमध्ये म्हणाल्या, "मी हवामान कचेरीतून आले. वादळ येणार म्हणून आम्ही सांगितलं होतं. आलं नाही. अंदाज माझा होता. चुकला. तुमचे तीन दिवस गेले."

सगळ्यांनी जाळी खाली ठेवली. एळुमलैने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बस गेली त्या दिशेकडे.

"हे सांगायला आलात?"

"हो."

"सरकारने पाठवलं?"

"नाही. रजा टाकून आले."

त्याने एका बाईला ओरडून ताक आणायला सांगितलं. आम्ही उलट्या ठेवलेल्या होडीवर बसलो. ताक पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "पुढच्या वेळी तरी बरोबर सांगाल ना?"

"सांगता येत नाही. पुढच्या वेळीही चुकू शकते."

"मग बरोबर कोणतं आणि चूक कोणतं, आम्ही कसं ओळखायचं?"

"आधी ओळखता येत नाही. मलाही येत नाही. म्हणून दर वेळी होड्या वर ओढायच्या."

एक तरुण हसला. एळुमलै हसला नाही. त्याने विचारलं, "रेडिओवर तुम्ही म्हणता, समुद्रात खोल दाबाचं मंडळ आहे. आम्ही इथे भांडत असतो. ते किती खोल असतं? तिथे जाळं टाकलं तर तळाला लागेल का?"

अंबुजाबाईंनी पर्समधून वही काढली आणि हे शब्दशः लिहून घेतलं. पेन्सिलीचं टोक मोडलं. त्यांचं टोक मोडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. परतीच्या बसमध्ये त्यांनी ती वही पुन्हा उघडून वाचली. शेवटी म्हणाल्या, "तीस वर्षें मी त्या लोकांस समुद्राची खोली सांगत होतें, नलिनीबाई."

त्यानंतर रेडिओला जाणाऱ्या तमिळ बातमीपत्रात, ठरलेला सगळा मजकूर संपल्यावर, सगळ्यात खाली एक ओळ यायला लागली. "होड्या नेऊ नका. बाहेर असाल तर आज अंधार पडायच्या आत परत या." नाहीतर, "जायला हरकत नाही. उद्या पुन्हा विचारा." हा मजकूर ठरलेल्या नमुन्यात कुठेच बसत नव्हता. आमचे साहेब वरदराजन हे नियमाने चालणारे, सभ्य, पित्तप्रकृतीचे गृहस्थ. त्यांनी लेखी खुलासा मागितला. अंबुजाबाईंनी खुलाशाच्या कागदावर एवढंच लिहिलं, "वरचा मजकूर मच्छीमारांना समजत नाही. खालचा समजतो." साहेबांनी तो कागद फाइलला लावला, आणि खालची ओळ चालू राहिली. कुप्पममध्ये एक एसटीडी बूथ होतं. त्याचा नंबर अंबुजाबाईंच्या टेबलावर काचेखाली आला.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी पुन्हा वादळ झालं. आदल्या संध्याकाळी सगळ्यांचं एकमत होतं की ते पार उत्तरेला आंध्रच्या किनाऱ्याकडे जाईल आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर धडकेल. परदेशातल्या तीन-चार कॉम्प्युटर मॉडेलांचे कागद टेबलावर होते. त्यांच्या रेघा एकमेकींशी भांडत असल्या तरी सगळ्या उत्तरेलाच जात होत्या. चेन्नईच्या आसपास ढगाळ हवा, थोडा पाऊस, एवढंच. अंबुजाबाईंची खालची ओळ होती, "खोल समुद्रात जाऊ नका. किनाऱ्याजवळ हरकत नाही."

सकाळी साडेआठचा चार्ट मी मांडत होते. उपग्रहाच्या फोटोवरून वादळाचं केंद्र जिथे ठरवलं होतं, त्याच्या पश्चिमेला एक मालवाहू जहाज होतं. वादळाभोवती वारा घड्याळाच्या उलट फिरतो. तेव्हा पश्चिमेकडच्या जहाजाला वारा उत्तरेकडून यायला हवा. या जहाजाने कळवलं होतं, वारा दक्षिणेकडून. मी त्या नोंदीशेजारी लाल शाईने प्रश्नचिन्ह काढलं. जहाजावरचे लोक घाईत उत्तरेऐवजी दक्षिण लिहितात, हे नेहमीचं होतं.

अंबुजाबाई आल्या, चष्मा बदलला आणि त्या प्रश्नचिन्हावर थांबल्या. "ह्या जहाजाचे मागचे चार दिवस आणा."

मी फायलीतून शोधून आणले. त्या एकेक नोंद बोटाने वाचत गेल्या. "पाहा. हा ढगांची जात लिहितो. लाटांची उंची लिहितो. लाटा दोन दिशांनीं आल्या तर दोन्ही लिहितो. बाकीचीं जहाजें इथें आडव्या रेघा मारतात." मग त्या सरळ उभ्या राहिल्या. "जो माणूस भर वादळांत लाटा मोजतो, तो उत्तर आणि दक्षिण चुकत नाहीं."

"मग?"

"मग जहाज केंद्राच्या पश्चिमेस नाहीं. पूर्वेस आहे. केंद्र आपल्याकडे सरकलें आहे. ढग वरच्या वाऱ्यानें मागें राहिले आणि आम्ही ढगांचा मधला भाग पाहून केंद्र मांडलें."

रडारवर बघितलं. वादळ त्याच्या टप्प्याच्या कडेला होतं आणि तिथे नुसत्या फाटक्या पट्ट्या दिसत होत्या, त्यांतून काहीच ठरत नव्हतं. मग त्यांनी किनाऱ्यावरच्या निरीक्षण केंद्रांवरचा दाब पाहिला. पहाटेपासून दहापर्यंत हवेचा दाब रोज थोडा थोडा चढतो. सूर्य उगवण्याइतकं ते नियमित. त्या सकाळी शहराच्या जवळच्या एका केंद्रावर तो उतरत होता. थोडासाच. पण उतरत होता.

अंबुजाबाईंनी सगळ्या रेघा पुसल्या आणि नव्याने काढल्या. मग चार्ट उचलून साहेबांच्या खोलीत गेल्या. मी मागून जहाजाचे कागद घेऊन.

"एका जहाजावरून, मॅडम?" वरदराजन म्हणाले.

"एका जहाजावरून आणि एका बॅरोमीटरवरून."

"सगळी मॉडेलं उत्तरेला नेताहेत."

"केंद्र कुठे आहे हे मॉडेलला आपणच सांगतो, सर. चुकीचं सांगितलं. ती चुकीच्या जागेवरून बरोबर चालताहेत."

साहेबांनी पेनचं टोपण काढलं आणि लावलं. "तुमचं म्हणणं काय?"

"आज संध्याकाळी. शहराच्या जवळ, थोडं दक्षिणेला."

"गेल्या वर्षी आपण शाळा बंद करवल्या होत्या. मला दिल्लीहून किती फोन आले हे तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. ही सहा-सात तासांची गोष्ट आहे, सर. उद्या सकाळपर्यंत थांबलो तर सगळं स्पष्ट होईल, पण तेव्हा सांगून उपयोग नाही. आज चुकले तर मी पुन्हा जाऊन सांगेन. बसचा नंबर मला पाठ आहे."

साहेबांनी टोपण आणखी दोनदा लावलं आणि काढलं. मग सही केली. त्या माणसाबद्दल मला त्या दिवसापासून आदर आहे. त्यांना पित्त होतं, तरी त्यांनी सही केली.

दहा वाजून गेले होते. टेलेक्स, फॅक्स, रेडिओ, कलेक्टर, बंदर, सगळीकडे निरोप गेले. अंबुजाबाईंनी काचेखालचा नंबर फिरवला. बूथवाल्याने एळुमलैला हाक मारून आणेपर्यंत त्या उभ्याच होत्या. पलीकडचा आवाज एवढा मोठा होता की मलाही ऐकू येत होता.

"काल तुम्ही म्हणालात, उत्तरेला जाईल."

"काल मी चुकले. ते आज संध्याकाळी येतंय, तुमच्या दक्षिणेला."

"दक्षिणेला ना? मग आम्हाला काय?"

"दक्षिणेला म्हणूनच तुम्हाला. ते तुमच्या उत्तरेला गेलं असतं तर वारा जमिनीवरून समुद्राकडे गेला असता. दक्षिणेला गेलं तर वारा समुद्र उचलून तुमच्या घरात आणेल."

"इथे ऊन आहे, अम्मा."

"इथेही आहे."

"आता तरी बरोबर आहे का?"

"माहीत नाही," अंबुजाबाई म्हणाल्या. "निघा."

पलीकडे रिसीव्हर ठेवल्याचा आवाज आला. तो निघाला की चिडला, हे काही कळलं नाही.

मग काही करायचं उरलं नाही. नुंगंबाक्कममध्ये खरंच ऊन होतं. अंबुजाबाईंनी खोलीतल्या सगळ्या पेन्सिलींना टोकं काढली. त्यांच्या संपल्यावर माझ्या. डबा उघडला नाही. बारा वाजता एका आमदाराच्या घरून फोन आला की आज लग्नाचं स्वागत आहे, मांडव उघड्यावर आहे, तुम्ही हे काय सांगताय. त्यांनी त्या गृहस्थांना आत मांडव घाला म्हणून सांगितलं आणि मुलीचं अभिनंदन केलं. एक वाजता ऊन गेलं. दोन वाजता वारा उत्तरेकडून सुटला. अडीचच्या नोंदी आल्या तेव्हा किनाऱ्यावरचा दाब असा घसरला होता की मी आकडा दोनदा विचारून घेतला. रडारवाल्याने वरून ओरडून सांगितलं, वादळाचा गोल दिसतोय.

अंबुजाबाई चार्टवर वाकल्या. बाहेरच्या रेघा नीट निघाल्या. आतलं, सगळ्यात लहान वर्तुळ मात्र मिटेना. त्यांनी ते दोनदा काढून पुसलं. मग पेन्सिल माझ्या हातात दिली. "तुम्ही काढा."

मी काढलं. शहराच्या एवढं जवळ वर्तुळ मी त्याआधी काढलं नव्हतं.

दिवेलागणीच्या सुमारास वादळ किनाऱ्यावर आलं. शहरात झाडं पडली, वीज गेली, रस्त्यांत पाणी भरलं. आम्ही सगळे कचेरीतच अडकलो. सकाळी एळुमलैचा निरोप आला. समुद्राने कुप्पममधल्या घरांच्या पुढच्या दोन रांगा नेल्या होत्या. माणसं सगळी उंचावरच्या शाळेत होती. एकजण कोंबड्या आणायला परत गेला होता. तो कमरेएवढ्या पाण्यातून आला, कोंबड्यांसकट.

दुपारी मी अंबुजाबाईंबरोबर त्यांच्या घरी गेले, कारण रस्त्यात झाडं पडलेली आणि त्या दीड दिवस जाग्या. आई दारातच होत्या. "आज काय चुकलें?" त्यांनी विचारलं. मला वाटलं, निदान आज तरी विचारू नये.

"परवा संध्याकाळचा अंदाज," अंबुजाबाई म्हणाल्या, आणि पाय धुवायला गेल्या.

आठवड्याने एळुमलै आणि दोन बायका कचेरीत आल्या. त्यांच्याबरोबर वेताची टोपली होती, आणि टोपलीत हाताएवढाले वंजिरम, म्हणजे आपली सुरमई. अंबुजाबाई जन्मात अंड्यालाही न शिवलेल्या. त्यांनी ती टोपली दोन्ही हातांनी घेतली, कुठे ठेवावी ते न कळून चार्टच्या टेबलावर ठेवली आणि आलेल्यांना कॉफी मागवली. त्या दिवशीच्या साडेअकराच्या चार्टवर उपसागराच्या नैर्ऋत्य भागात एक मोठा ओला डाग आहे. तो चार्ट तसाच दप्तरी आहे. पुढे कुणी अभ्यासक तो पाहील तेव्हा काय निष्कर्ष काढेल कोण जाणे. टोपली शेवटी पहारेकऱ्याच्या घरी गेली. खोलीला चार दिवस वास होता. वरदराजन साहेबांनी त्याबद्दल खुलासा मागितला नाही.

एळुमलै जाताना अंबुजाबाईंनी विचारलं, "उत्तरेकडच्या वस्त्या कशा आहेत?"

तो म्हणाला, त्यांच्या पलीकडच्या कुप्पममध्ये फोन नाही. त्या दिवशी पहाटे दोन भाऊ किनाऱ्याजवळच म्हणून गेले होते. आदल्या दिवशीच्या रेडिओवर हरकत नाही असं सांगितलं होतं. ते आले नाहीत.

अंबुजाबाईंनी दुसऱ्या दिवशी रजा टाकली. मी विचारलं, येऊ का? त्यांनी मान हलवून नको म्हटलं. परत आल्यावर, तिथे त्या काय म्हणाल्या, घरचे काय म्हणाले, हे विचारायचं मला धैर्य झालं नाही. दोन-तीन दिवसांनी चार्ट करता करता त्यांनी आपणहून सांगितलं. "त्यांची आई होती. मी सांगितलें, ती ओळ माझी होती. तिनें मज बसायला सांगितलें. मी बसलें. संध्याकाळच्या बसपर्यंत बसलें होतें." मग त्यांनी एक रेघ पुसली. पुसायची गरज नव्हती, ती बरोबर होती.

त्यानंतर खालच्या ओळीत 'हरकत नाही' हे शब्द मी कधी पाहिले नाहीत. त्याऐवजी येऊ लागलं, "आम्हाला आत्ता जेवढं दिसतं त्यात धोका नाही. दुपारी पुन्हा ऐका." ओळ लांब झाली. रेडिओवाल्यांनी तक्रार केली. ती तशीच राहिली. आणि त्या पलीकडच्या कुप्पमला फोन मिळावा म्हणून अंबुजाबाईंनी टेलिफोन खात्याला पत्रं लिहायला सुरुवात केली. अकरा महिने लिहिली. शेवटी वाळूत एक खांब उभा राहिला.

पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी उपसागरात कमी दाबाचं एक क्षेत्र होतं, लहानसं, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेलं. साहेबांनी भाषणात त्या संध्याकाळच्या वादळाचा गौरवाने उल्लेख केला. अंबुजाबाई आभार मानायला उभ्या राहिल्या, माणसांचा चष्मा शोधला, मिळाला नाही. चार्टच्याच चष्म्यातून सगळ्यांकडे पाहत म्हणाल्या, "कॉफी गार होते आहे." आणि बसल्या. टेबलाच्या किल्ल्या मला दिल्या. नव्या अधिकाऱ्यासाठी त्यांनी एका कागदावर किनाऱ्यावरच्या केंद्रांची यादी केली होती आणि प्रत्येकापुढे तिथल्या निरीक्षकाबद्दल एक वाक्य होतं. "सकाळी झोपेत वाचतो, दाब तपासून घ्यावा." "डोळ्यांचं ऑपरेशन झालं आहे, आता बरोबर." "हा सांगेल ते मानावं."

त्यांना त्यानंतर मी एकदाच पाहिलं. आमची पुण्याला परत बदली झाली होती, सामान गेलं होतं, आणि शेवटच्या दिवशी मी आणि यजमान उरलेली कामं उरकून मरीनाच्या रस्त्याने बसने परत येत होतो. संध्याकाळचे पाच वाजले असतील. सिग्नलला बस थांबली. खिडकीतून वाळू दिसत होती, माणसं, पतंग, घोडेवाले. आणि अगदी पाण्याच्या काठाशी एक उंच, किडकिडीत बाई. समुद्राकडे पाठ करून, शहराकडे तोंड करून त्या उभ्या होत्या. हातात कागदाच्या पुडीत सुंडल, म्हणजे ते तिथे मिळतात ते खोबरं आणि कैरी घातलेले उकडलेले वाटाणे. एकेक दाणा काढून खात होत्या.

मी यजमानांना म्हटलं, "त्या बघा अंबुजाबाई."

मागून एक मोठी लाट येत होती. ती आजूबाजूच्या सगळ्यांनी पाहिली आणि सगळे ओरडत मागे पळाले. अंबुजाबाई हलल्या नाहीत. लाट गुडघ्यापर्यंत आली, लुगड्याचा घोळ फुगला, वाळू पायांखालून सरकली असणार, कारण त्या जरा डगमगल्या. पुडी मात्र त्यांनी उंच धरली होती. मग मान मागे टाकून त्या हसल्या. चार वर्षांत त्यांना मोठ्याने हसताना मी पाहिलं नव्हतं. एवढ्या लांबून आवाज यायचं कारण नव्हतं.

यजमान म्हणाले, "उतरायचं का?"

सिग्नल सुटला. मी नको म्हटलं. बस वळेपर्यंत मी बघत राहिले. त्यांनी पुढचा दाणा तोंडात टाकला होता.